शिकागोतला 'सर्वोत्तम' हॉट डॉग आणि पेन्सिलीची रेघ

सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'सर्वोत्तम', 'लोकप्रिय', 'प्रमुख' यातला एखादा शब्द दिसला की गाइड त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि काही न बोलता कागद परत देतात. पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या फेऱ्यात अडकलेल्यांचे मला जे मेल येतात, त्यात हा अनुभव हमखास असतो. त्या रेघेचा अर्थ व्याख्या देऊन सांगता येईल, पण व्याख्या वाचून तो डोक्यात बसत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून आज खाण्याचं उदाहरण घेऊ. मी राहते त्या शिकागोत उन्हाळा आला की वर्तमानपत्रं, मासिकं, पर्यटनाच्या वेबसाइटी सगळे एक यादी छापतात: शहरातले सर्वोत्तम हॉट डॉग. गेली तीन वर्षं अशा याद्या धरून मी बरीच फिरले आहे. टपऱ्यांबद्दल माझी तक्रार फारशी नाही. याद्यांबद्दल आहे.

आधी एक सांगून टाकते. इथला हॉट डॉग निव्वळ गोमांसाचा असतो आणि मी तो खाते. तुम्ही खात नसाल तर पुढे डुकराच्या मांसाची सॉसेजही येणार आहेत, आणि तीही चालत नसतील तर तुमच्या वाट्याला नुसता युक्तिवाद. चव घेणारी जीभ हेच जिथे मोजमापाचं साधन असतं, तिथे ती जीभ कुणाची आणि ती काय खात नाही, हे पहिल्याच पानावर लिहायला हवं. एकाही यादीत मला ते सापडलं नाही.

पदार्थ तसा साधा. उकळी न येऊ देता गरम ठेवलेल्या पाण्यातलं सॉसेज, वाफवलेला खसखशीचा लांबट पाव, त्यावर पिवळी मस्टर्ड, डोळ्यांवर येईल इतकं हिरवंगार गोडसर रेलिश, चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची उभी फाक, व्हिनेगरमध्ये मुरलेल्या छोट्या मिरच्या आणि वरून चिमूटभर सेलेरी सॉल्ट. केचप नाही. एवढं सगळं पावात बसतं कसं, हे पहिल्यांदा खाताना कळत नाही. दुसऱ्यांदा खाताना कळतं की ते बसत नाहीच, बरंचसं कागदावर सांडतं आणि मग बोटांनी उचलून खायचं असतं.

आता हेच संशोधकाच्या नजरेने बघा. शहरातल्या कितीतरी टपऱ्यांवर एकाच कंपनीची पाटी लटकलेली दिसते: व्हिएन्ना बीफ. ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या एमिल रायकेल आणि सॅम्युअल लडानी या दोघा ज्यू स्थलांतरितांनी १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॉसेज विकली, तिथून ही कंपनी सुरू झाली. डुकराचं मांस टाळून निव्वळ गोमांस वापरण्याची पद्धत त्यांच्याबरोबर आली. आज सॉसेज त्यांचं, पाव बऱ्याच ठिकाणी एकाच बेकरीचा, रेलिश आणि मिरच्याही ठरलेल्या पुरवठादारांच्या. म्हणजे यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या टपरीच्या आणि नवव्या क्रमांकावर असलेल्या टपरीच्या हातात पुष्कळदा सामान तेच. मग हे क्रमांक कशाला दिले?

प्रश्न चेष्टेचा नाही. प्रयोगशाळेत आपण जे मोठ्या कष्टाने करतो, म्हणजे बाकीचे चल स्थिर ठेवून एकच बदलायचा, ते या शहराने फुकटात करून ठेवलंय. कच्चा माल स्थिर आहे. उरतं ते इतकंच: सॉसेजला नैसर्गिक आतड्याचं आवरण आहे की ते बिनसालीचं आहे, पाणी किती गरम आहे, सॉसेज त्यात किती वेळ पडून आहे, पाव ताजा वाफवलाय की दुपारपासून वाफेत भिजतोय, आणि हातात आल्यापासून तोंडात जाईपर्यंत किती वेळ गेला. आवरण असेल तर दात लागताच 'कट' असा आवाज येतो आणि आतला रस बाहेर येतो. नसेल तर सॉसेज मऊ, गुळगुळीत लागतं. माझ्या मते दोन टपऱ्यांमधला निम्म्याहून जास्त फरक इथेच आहे, त्यातही गर्दीच्या वेळी आणि दुपारी तीन वाजता एकाच टपरीवर खाऊन बघा, फरक दोन टपऱ्यांमधल्या फरकाइतकाच पडतो. याद्या मात्र 'जादू', 'जुन्या शिकागोचा आत्मा', 'आठवणींची चव' असं लिहितात. आत्मा वाफेवर किती मिनिटं ठेवला होता ते कुणी लिहीत नाही.

तुमच्या विषयाचं बघा. 'मराठवाड्यातील सर्वोत्तम बचत गट' असं लिहिलंत, आणि सगळ्या गटांना कर्ज देणारी बँक एकच, प्रशिक्षण देणारी संस्था एकच निघाली, तर तुम्ही गट मोजताय की बँक? हा प्रश्न तोंडी परीक्षेत कुणी विचारायच्या आधी स्वतःला विचारा.

आता याद्यांचा उगम कुठे आहे ते पाहू. व्हिएन्ना बीफ आपलं सॉसेज विकणाऱ्या टपऱ्यांना 'हॉल ऑफ फेम'चा मान देते. ही कंपनी टपरी काढू इच्छिणाऱ्यांसाठी 'हॉट डॉग युनिव्हर्सिटी' नावाचा अभ्यासक्रमही चालवते. (तिथली पदवी आपल्या पदवीपेक्षा लवकर मिळते, आणि मिळाल्यावर काय करायचं हेही माहीत असतं.) यात लपवाछपवी काही नाही, सगळं उघड आहे. पण एखादी यादी 'मान मिळालेली टपरी' असं लिहून तो मान कुणी दिला हे सांगत नाही, तेव्हा पुरवठादाराने आपल्याच गिऱ्हाईकाला दिलेलं प्रशस्तिपत्र स्वतंत्र पुरावा बनून वावरायला लागतं. दुसरं एक वाक्य तुम्हाला या विषयावर जवळपास सगळीकडे दिसेल: शिकागोत मॅकडॉनल्ड्स, बर्गर किंग आणि वेंडीज या तिघांच्या दुकानांची बेरीज केली तरी हॉट डॉगच्या टपऱ्या जास्त भरतात. असेलही. पण टपरी म्हणजे काय? ज्या दुकानात हॉट डॉगबरोबर गिरोस, इटालियन बीफ आणि पिझ्झाही मिळतो, ती टपरी की नाही? ही व्याख्या ठरवल्याशिवाय बेरीज होत नाही, आणि ती ठरवलेली मी कुठल्याही यादीत पाहिली नाही. वाक्य पन्नास ठिकाणी छापलेलं असलं म्हणून पुरावे पन्नास होत नाहीत.

जन्मकथांचंही तसंच. कुणी सगळं श्रेय १८९३ च्या प्रदर्शनाला देतं. कुणी फ्लूकीजला: एब ड्रेक्सलर याने १९२९ मध्ये मॅक्सवेल स्ट्रीटवर पाच सेंटला एक सँडविच विकायला सुरुवात केली, मंदीच्या काळात त्यात भाज्या भरून माणसाचं पोट भरेल असं केलं, आणि तोच आजचा हॉट डॉग. दोन्ही गोष्टी त्या त्या धंद्याने स्वतःबद्दल सांगितलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवून वाचायच्या. तिसरी कथा सगळ्यांना आवडते, ती म्हणजे प्रत्येक जिन्नस एकेका समाजाने आणला: मस्टर्ड जर्मनांची, मिरच्या इटालियनांच्या, असं करत करत पावात अख्खं शहर. फार छान जुळतं, आणि म्हणूनच मला शंका येते. जिन्नस आधी आणि त्याला समाज नंतर चिकटवला, तर कथा नेहमीच जुळणार.

सीमारेषेचा प्रश्न तर जीन अँड ज्यूड्सने सोडवून टाकलाय. जवळपास प्रत्येक यादीत हे ठिकाण वरच्या तिघांत असतं, आणि ते शिकागोत नाहीच. रिव्हर ग्रोव्ह या वेगळ्या उपनगरात आहे. बरं, तिथे मिळतो तो हॉट डॉग वरच्या व्याख्येतही बसत नाही. टोमॅटो नाही, काकडी नाही, सेलेरी सॉल्ट नाही, पावाला खसखस नाही. मस्टर्ड, रेलिश, कांदा, मिरच्या, आणि वर तळलेल्या बटाट्याचा ढीग. सगळं एकाच कागदात घट्ट गुंडाळून देतात. बसायला जागा नाही, केचप मागितलं तरी दुकानातच नाही. म्हणजे 'शिकागोतला सर्वोत्तम शिकागो हॉट डॉग' हा किताब अशा पदार्थाला मिळतो जो शिकागोत नाही आणि त्या प्रकारचाही नाही! आणि आता माझा निकाल ऐका: चवीला तो खरोखर अव्वल आहे. कागदातल्या वाफेने बटाटा मऊ पडतो, मस्टर्ड पितो, आणि सॉसेजचा 'कट' आवाज त्या मऊपणात स्पष्ट ऐकू येतो. यादीकर्त्यांची जीभ बरोबर आहे. शीर्षक चुकलंय. प्रबंधातही बऱ्याचदा असंच असतं, निरीक्षण खरं आणि शीर्षक खोटं.

सुपरडॉगचं उलट आहे. मराठी विद्यार्थी तूरडाळ आणि आटा आणायला ज्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर जातात, ज्याच्या एका भागाला गांधी मार्ग असं मानाचं नाव दिलंय, त्याच रस्त्याने पश्चिमेला साधारण आठ किलोमीटर गेलात की छपरावर दोन भलीमोठी सॉसेजं उभी दिसतात, एक बाई आणि एक बुवा. मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या नवराबायकोने १९४८ मध्ये हे सुरू केलं. गाडीत बसूनच ऑर्डर द्यायची, खिडकीला ट्रे लावून मिळतो. सॉसेज त्यांच्या स्वतःच्या कृतीचं, जाड, बिनसालीचं. लाल टोमॅटोच्या जागी लोणच्यातला हिरवा टोमॅटो. शिवाय आमच्या पदार्थाला हॉट डॉग म्हणू नका, असा त्यांचाच आग्रह. मला ते सॉसेज जरा जास्तच मऊ वाटतं. पण तुलनेच्या दृष्टीने हे एकच ठिकाण खरं वेगळं आहे, कारण इथे कच्चा मालच बदलतो, आणि याद्या नेमकं त्याबद्दल न लिहिता छपरावरच्या पुतळ्यांबद्दल लिहितात.

रांगेबद्दल थोडंसं. डग सोन याचं हॉट डग्स २००१ ते २०१४ चाललं आणि त्याच्यापुढची रांग शहरात दंतकथा झाली. बदकाच्या चरबीत तळलेले बटाटे, हरणाच्या, सशाच्या मांसाची सॉसेजं. २००६ मध्ये शहराने फ्वा ग्रावर बंदी घातली तरी त्याने ते विकलं आणि २००७ मध्ये २५० डॉलरचा दंड भरला. २००८ मध्ये बंदीच मागे घेतली गेली. दुकान गेलं तरी याद्या अजून त्याच्या रांगेचा दाखला देतात. पण रांग म्हणजे मागणी आणि पुरवठ्याचं गुणोत्तर. दुकान छोटं ठेवा, दुपारीच बंद करा, काउंटरवर एकच माणूस उभा करून त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाशी गप्पा मारू द्या. पदार्थ तोच, रांग तिप्पट. ग्रंथालयात सगळ्यात जास्त मागणी असलेलं पुस्तक सगळ्यात चांगलं असतं की त्याची एकच प्रत असते?

केचपबंदी हा शहराचा धर्म मानला जातो, आणि याद्याही तो पाळतात. २०१७ च्या जुलैत हाइन्झने आपलंच केचप 'शिकागो डॉग सॉस' या नावाच्या बाटलीत भरलं आणि लोकांना खाऊ घालून कॅमेऱ्यात पकडलं. याला प्रयोग म्हणू नका. तुलनेचा गट नाही, आणि काय दाखवायचं हे निवडणारी कंपनीच. पण लेबल झाकून चव बघण्याची कल्पना एका जाहिरातदाराला सुचते आणि खाद्यसमीक्षकाला सुचत नाही, हे काही चांगलं लक्षण नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. शिकागोचा नकाशा घ्या आणि कुठल्याही यादीतले दहा ठिपके त्यावर मांडा. बरेच ठिपके उत्तरेला आणि वायव्येला पडतात. दक्षिणेचा मोठा भाग, जिथे कृष्णवर्णीय वस्ती आहे, पांढराच राहतो. तिथे सॉसेज नाही का? ७५ व्या रस्त्यावर लेम्स आहे. मिसिसिपीतल्या इंडियनोलाहून आलेल्या लेमन्स भावंडांचं. काचेच्या मोठ्या धुरांड्यात, शिकागोत त्याला 'अ‍ॅक्वेरियम' म्हणतात, लाकडाच्या विस्तवावर डुकराच्या मांसाची जाडसर वाटलेली सॉसेजं शिजतात. त्यांना हॉट लिंक म्हणतात. तळलेले बटाटे, त्यावर लिंकचे तुकडे, वर गोड-आंबट सॉस आणि पांढऱ्या ब्रेडचे काप. मिरीचा आणि लाल तिखटाचा असा झणका येतो की आपल्याकडचा माणूस पहिल्या घासालाच खूश होतो. शहरात मी खाल्लेल्या सॉसेजमध्ये मला हेच सगळ्यात आवडलं. पण ते 'हॉट डॉग आणि सॉसेज'च्या यादीत येत नाही, कारण ते 'बार्बेक्यू'च्या यादीत टाकलेलं असतं. तसंच दक्षिणेकडच्या टपऱ्यांवर मिळणारं 'मदर-इन-लॉ': हॉट डॉगच्या पावात सॉसेजऐवजी मक्याच्या पिठाचा तमाले आणि वर तिखट चिली. (सासूबाईंचं नाव का दिलं, हे तिखट खाऊन झाल्यावर विचारायची गरज राहत नाही.) पाव तोच, टपरी तीच, खाणारे तेच, पण आत सॉसेज नाही म्हणून बाहेर. आणि लेम्सला आत सॉसेज आहे, पण पाव नाही म्हणून बाहेर. जीन अँड ज्यूड्सला मात्र शहराची हद्दसुद्धा आड येत नाही. नियम कुणासाठी ताणला जातो आणि कुणासाठी नाही, हे बघितलंत की नमुना निवडीतला पूर्वग्रह पाठ करावा लागत नाही. यादी करणारा दुष्ट आहे असं मी म्हणत नाही. तो राहतो तिथून निघाला, ओळखीच्यांना विचारलं, आणि आधीच्या याद्या वाचल्या, एवढंच. पुढची यादी या यादीवरून बनते.

मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाबतीत हा प्रश्न चवीच्या पलीकडे जातो. हा रस्ता म्हणजे शिकागोचा रविवारचा बाजार. आधी पूर्व युरोपातून आलेले ज्यू, मग दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय, नंतर मेक्सिकन. जुने कपडे, हत्यारं, टायर, आणि फुटपाथवर विजेची गिटार लावून गाणारे ब्लूजचे कलावंत. मॅसिडोनियाहून आलेला जिमी स्टेफानोविच हॅलस्टेड आणि मॅक्सवेलच्या कोपऱ्यावर टपरी चालवायचा. ती आज जिम्स ओरिजिनल म्हणून ओळखली जाते आणि आपलं साल १९३९ सांगते. गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र करून बनवलेलं, लसूण भरपूर असलेलं पोलिश सॉसेज तव्यावर करपेपर्यंत भाजायचं, शेजारी कांद्याचा डोंगर परतत ठेवायचा, मस्टर्ड लावून पावात भरायचं. हॉट डॉगसारखी सजावट नाही. १९९४ मध्ये शहराने तो बाजार तिथून हलवला, कारण जागा इलिनॉय विद्यापीठाला शिकागोतल्या आपल्या विस्तारासाठी हवी होती. जुन्या इमारती पाडल्या, काहींचे दर्शनी भाग तेवढे जपून नव्या बांधकामाला लावले. जिम्सही हललं आणि थोड्या अंतरावर युनियन अ‍ॅव्हेन्यूला, महामार्गालगत उभं राहिलं.

याद्यांमध्ये हे सगळं एका ओळीत उरकतं: '१९३९ पासून'. त्या ओळीत कोपरा गेला, बाजार गेला, गाणारे गेले, आणि साल तेवढं राहिलं. आजची टपरी चाखून आपण नेमकं काय चाखतो? कृती तीच आहे असं मानलं, तरी ज्या गर्दीसाठी ती कृती घडली, ती गर्दी आता तिथे नाही. विश्लेषणाचं एकक 'पदार्थ' धरलं तर जिम्स टिकलं. 'ठिकाण' धरलं तर ते १९९४ नंतर संपलं, आणि ते संपवण्यात एका विद्यापीठाचा हात होता. तुम्ही-आम्ही ज्या प्रकारच्या संस्थेत बसून अशा वस्त्यांवर प्रबंध लिहितो, त्याच प्रकारच्या संस्थेला त्या वस्तीची जमीन लागत होती. 'आवडती ठिकाणं' या शब्दांतला 'ठिकाण' हा शब्द इतका महाग आहे, आणि याद्या तो रस्त्याचा पत्ता देऊन भागवतात.

माझी यादी विचाराल तर ती तीन ठिकाणांची आहे, आणि निकष असा: सॉसेज शहरात किंवा शहराला लागून मिळावं, दोन वेगवेगळ्या वेळी खाऊन दोन्ही वेळा आवडलेलं असावं. लेम्स, जीन अँड ज्यूड्स, जिम्स. क्रम देत नाही, कारण तिघांचे पदार्थ तीन जातींचे आहेत. जिम्सला गेलात तर कांदा जास्त सांगा, मिरच्या मागून घ्या आणि पिशवीतल्या बटाट्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत हे लक्षात ठेवा. बसायला जागा नाही. काउंटरला टेकून उभ्यानेच खायचं, पाठीमागून महामार्गाचा आवाज चालूच असतो.